३६ ची जागा आणि ३७ चा खिसा

रुग्ण ४८ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली. तक्रार एका वाक्याची: "डाव्या बाजूनं चावता येत नाही, तिथं तो स्क्रूचा दात बसवून द्या." स्क्रूचा दात म्हणजे इम्प्लांट. खालची डावी पहिली दाढ, म्हणजे ३६, हलायला लागली म्हणून तीन वर्षांपूर्वी काढलेली. मधुमेह सात वर्षांचा, गोळ्या सुरू. तिच्या हातात बाहेर काढलेला ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) होता आणि त्यात ३६ च्या जागी भरपूर हाड दिसत होतं.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, आकडे कोणा एका व्यक्तीचे नाहीत. पण हिरड्यांच्या विभागात एमडीएसची (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) तीन वर्षं काढणाऱ्या प्रत्येकासमोर असा रुग्ण येतोच. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ओपीजी बघतो आणि त्याची नजर मोकळ्या जागेवर जाते. इथे बघायची होती ती शेजारची दुसरी दाढ, ३७. ही दाढ मोकळ्या जागेत सुमारे १५ अंश पुढे कललेली होती. प्रोबपासून (दात आणि हिरडी यांमधली फट, म्हणजे खिसा, मोजायची खुणांची सळई) इम्प्लांटवरच्या कॅपपर्यंत प्रत्येक पायरीवर या कलानेच फसवलं, म्हणून प्रकरण तिच्याभोवती सांगितलं आहे.

पहिली तपासणी

मशेरीबद्दल एकदा विचारून भागत नाही. "मावशी, मशेरी लावता का?" "सकाळची एकदाच, लेकरा." मग दिवस उलगडून विचारायचं: चहाआधी? जेवणानंतर? रानात गेल्यावर? रात्री झोपताना? एकदाचं चारदा झालं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड बोटाने दातांना चोळली जाते आणि बराच वेळ तोंडात राहते. २०१७ च्या कार्यशाळेत ठरलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या हिरड्यांच्या आजारांच्या वर्गीकरणात ग्रेड, म्हणजे आजार वाढण्याचा वेग, ठरवताना सिगारेटची संख्या मोजली जाते, मशेरीचा रकाना नाही. म्हणून केस शीटवर ती वेगळी, ठळक लिहायची. आपल्याकडे हा रकाना सिगारेटपेक्षा जास्त वेळा भरावा लागतो.

खालच्या डाव्या गालफडाच्या खाचेत पांढरट, सुरकुतलेला पट्टा होता. पुसून न जाणारा. व्रण नाही, हाताला कडक लागत नाही. हिरड्यांच्या विभागातली तपासणी दातांपाशी सुरू होऊन दातांपाशीच संपते, ही वाईट सवय. पट्ट्याचा फोटो, माप, ओरल मेडिसिनला (तोंडाच्या आजारांचा विभाग) पत्र, आणि मशेरी बंद केल्यावर दोन व सहा आठवड्यांनी पुन्हा पाहणी. राहिला तर बायोप्सी. इथे सहा आठवड्यांत तो विरला.

तोंडात २७ दात, म्हणजे प्लाकसाठी (दातांवरचा जंतूंचा मऊ थर) १०८ पृष्ठभाग आणि प्रोबसाठी १६२ जागा. प्लाक ८३ पृष्ठभागांवर, ७७ टक्के. प्रोब केल्यावर रक्त ६३ जागी, ३९ टक्के. इतक्या कीटणाच्या (प्लाक कडक होऊन दाताला चिकटलेला थर) मानाने रक्त कमी वाटलं तर तंबाखू आठवायची. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, आणि नवखा "सूज किरकोळ" असं लिहून मोकळा होतो. पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल जागा ५२ निघाल्या.

आता ३७ ची मेसियल बाजू, म्हणजे मोकळ्या जागेकडची. विद्यार्थ्याने यूएनसी-१५ प्रोब चावण्याच्या पृष्ठभागाला काटकोनात धरला आणि ५ लिहिलं. दाढ कललेली, तर मूळही कललेलं. प्रोब मुळाच्या अक्षाला समांतर धरला तेव्हा ८ आलं. तीन मिलिमीटरचा हा फरक निव्वळ मनगटाचा. प्रोबचा दाबही शिकावा लागतो. २० ते २५ ग्रॅम म्हणजे किती, हे लहान डिजिटल वजनकाट्यावर प्रोबचं टोक दाबून दहा-वीसदा बघितलं की हाताला कळतं. आणखी एक सापळा म्हणजे कीटणाच्या कंगोऱ्यावर प्रोब अडतो आणि खिसा उथळ वाटतो. स्वच्छतेनंतर तोच खिसा "वाढलेला" दिसला तर बहुतेक वेळा पहिलंच माप चुकलेलं असतं.

होल्डर लावून, समांतर पद्धतीने घेतलेल्या आरव्हीजीत (दाताचा छोटा डिजिटल एक्स-रे) ३७ च्या मेसियल बाजूला हाडात उभा खड्डा दिसला, मुळाच्या लांबीच्या ५५ टक्क्यांपर्यंत. दाढ थंड चाचणीला नीट प्रतिसाद देत होती. ही चाचणी न करता खोल एकट्या खिशावर हिरड्यांचे उपचार सुरू करू नयेत. नस मेलेली असेल तर आधी रूट कॅनाल, आणि मग सगळाच हिशेब बदलतो. हलणं ग्रेड १, म्हणजे किंचित. गालाकडच्या फर्केशनमध्ये (दाढेची मुळं जिथे वेगळी होतात ती जागा) त्यासाठीचा वाकडा नेबर्स प्रोब जेमतेम टेकला.

निदान: सर्वदूर पेरिओडोंटायटिस (दातांभोवतीचं हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार), स्टेज ३, ग्रेड सी. स्टेज ३ यासाठी की दात आणि हिरडीची जोड पाच मिलिमीटरहून जास्त तुटलेली, उभा खड्डा आहे, आणि या आजाराने गेलेले दात चारच्या आत. ग्रेडसाठी हाड गेल्याच्या ५५ टक्क्यांना वयाच्या ४८ ने भागलं की १.१५, म्हणजे एकपेक्षा जास्त. शिवाय एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.९, मधुमेहात हा आकडा ७ किंवा वर असला तरी ग्रेड सीच.

कीटण काढणं आणि सवय बदलणं

पहिली भेट उपकरणांची नव्हती. रंग लावून प्लाक तिच्याच हातातल्या आरशात दाखवला. मशेरी बोटाने घासणाऱ्याची तर्जनी दातांच्या दर्शनी भागावरून फिरते, फटींत कधीच जात नाही. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत, फटींसाठी अडकून बसेल इतक्या जाडीचे इंटरडेंटल ब्रश, आणि ३७ च्या मोकळ्या बाजूला एका झुपक्याचा ब्रश. मशेरी थांबवण्यासाठी तारीख तिनेच ठरवली, घरातल्या सुनेला बरोबर बोलावलं, आणि क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक केस पेपरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिला. मधुमेहाच्या डॉक्टरांना पत्र गेलं. हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीए१सी साधारण ०.४ ने उतरतो. हा फायदा छोटा असला तरी खरा आहे, आणि पत्रात लिहिला की फिजिशियनही हिरड्यांकडे लक्ष देतात.

मग चार भेटींत तोंडाचे चार चतुर्थांश, २ टक्के लिग्नोकेन आणि १:८०,००० ॲड्रिनॅलिनची भूल देऊन. आधी अल्ट्रासॉनिक, मग ग्रेसी क्युरेट (मुळावरचं कीटण खरवडायचं हत्यार, आकडे त्याच्या प्रकारांचे): पुढच्या दातांना ५/६, दाढांच्या गाल व जिभेकडच्या बाजूंना ७/८, मेसियलला ११/१२, डिस्टल म्हणजे मागच्या बाजूला १३/१४. ग्रेसीची पात शेवटच्या दांड्याशी ७० अंशांत कललेली असते, म्हणून खालचीच धार काम करते, आणि तो दांडा साफ करायच्या पृष्ठभागाला समांतर ठेवावा लागतो. ३७ वर इथेच घोळ झाला. विद्यार्थ्याने दांडा उभा धरला, पातीचं टोकच तेवढं मुळाला लागत राहिलं, आणि कीटण सुटण्याऐवजी घासून गुळगुळीत झालं. गुळगुळीत कीटण मुळासारखंच लागतं. बोटांना फसवणारी याहून वाईट गोष्ट नाही. खोल खिशात नेहमीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त लांब दांड्याचं आफ्टर फाइव्ह क्युरेट हवं होतं. आणि धार: बोथट क्युरेटने जोर वाढतो, संवेदना कमी होते. प्रत्येक रुग्णाआधी दगडावर, पातीच्या सपाट बाजूशी १०० ते ११० अंशांत.

प्रतिजैविकं दिली नाहीत. कीटण नीट न काढता अमॉक्सिसिलिन-मेट्रोनिडाझोल लिहून देणं म्हणजे आकडे थोडे दिवस बरे दिसण्याची सोय.

आठ आठवड्यांनी

पुन्हा पूर्ण तक्ता, त्याच प्रोबने, त्याच हाताने. प्लाक १९ पृष्ठभागांवर, १८ टक्के. रक्त २४ जागी, १५ टक्के. पाच मिलिमीटर आणि वरच्या जागा ५२ वरून १३. त्यातल्या सहा किंवा जास्त असलेल्या फक्त चार. एचबीए१सी ७.६.

विद्यार्थ्याने केस मांडली ती इम्प्लांटच्या मागणीसह. तक्ता सुंदर होता, रुग्ण उत्सुक होती, लॉगबुकमध्ये इम्प्लांटचा रकाना रिकामा होता. पण त्या चार जागांतली एक होती ३७ मेसियल: सात मिलिमीटर, रक्तासह. बाकी पाच मिलिमीटरच्या जागांना पुन्हा क्युरेट पुरेसा होता. सहा आणि वरच्यांना, जिथे उभा खड्डा आहे तिथे, शस्त्रक्रियेचा विचार करायचा असतो.

मग दोन्ही एकाच वेळी का नाही? फ्लॅप (शस्त्रक्रियेत हाडावरून उचललेला हिरडीचा पदर) उघडलाच आहे, शेजारी इम्प्लांटही टाकू. हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि तो मूर्खपणाचा नाही. पण उरलेल्या खिशातले जंतू नव्या इम्प्लांटभोवती काही आठवड्यांत वस्ती करतात, आणि ज्याला पेरिओडोंटायटिस झालेला आहे त्याला इम्प्लांटभोवतीच्या आजाराचा धोका मुळातच जास्त. शिवाय इम्प्लांट किती खोल बसवायचा हे शेजारच्या दातांवरच्या हाडाच्या पातळीवरून ठरतं. ३७ ची मेसियल बाजू भरून कुठवर येणार हे आज कोणालाच सांगता येत नव्हतं. आजच्या पातळीला बसवला तर कायमचा खोल, आणि खोल इम्प्लांटभोवतीचा खिसा साफ करता येत नाही.

३७ काढून दोन इम्प्लांट, असाही प्रस्ताव येतो. नस जिवंत, हलणं ग्रेड १, खड्ड्याला भिंती शाबूत: असली दाढ काढणं मला मान्य नाही. पेरिओडोंटिस्टने दात वाचवायला शिकण्याआधी तो बदलायला शिकू नये.

३७ उघडल्यावर

टाके घालण्याचा सराव बोकडाच्या जबड्यावर झालेला असतो. तिथे रक्त नसतं, जीभ नसते, फ्लॅप फाटला तर दुसरा जबडा असतो. त्यामुळे पहिल्या खऱ्या फ्लॅपला वरिष्ठ शेजारी बसलाच पाहिजे.

भुलीसाठी इन्फिरिअर ॲल्व्हिओलर ब्लॉक आणि लाँग बकल ही इंजेक्शनं. ३५ (मोकळ्या जागेच्या पुढची उपदाढ) आणि ३७ भोवती खिशातून छेद, मधल्या मोकळ्या कड्यावर एकच आडवा छेद, उभा छेद नाही. फ्लॅप उचलून दाणेदार ऊतक काढल्यावर दिसलं ते विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरेल. मुळाच्या जिभेकडच्या वळणावर, हाडाच्या कडेच्या अगदी वर, गडद तपकिरी कीटणाची मिलिमीटरभर रुंद पट्टी. चकचकीत, वरून घासलेली. उभ्या दांड्याने ११/१२ जिथे पोचला नव्हता, नेमकी तिथेच. पट्टीच्या वरचं मूळ स्वच्छ होतं, खालचं अजून हिरडीच्या चिवट ऊतकात बुडालेलं. सात मिलिमीटरचा तो खिसा कशावर टिकून होता, ते समोर होतं.

पट्टी काढली. खड्डा पाच मिलिमीटर खोल, खालचे तीन मिलिमीटर तीन-भिंती (तीन बाजूंना हाड), वरचे दोन मिलिमीटर दोन-भिंती. अशा खड्ड्यात भरणी टिकते. डीएफडीबीए (दात्याच्या हाडाची, खनिज काढून सुकवलेली पूड) अर्धा सीसी सलाइनमध्ये भिजवून, भिंतींच्या कडेपर्यंतच भरला. वर ढीग केला तर फ्लॅप ताणाशिवाय मिटत नाही, आणि दाबून ठासला तर कणांमध्ये रक्त शिरायला वाव राहत नाही. वरच्या दोन-भिंती भागासाठी कोलॅजन मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेचा असा हाडाचा ग्राफ्ट हिरड्यांच्या विभागांत वापरला जातो. हे मानवी हाड आहे हे रुग्णाला आधी, तिच्या भाषेत सांगून संमती घ्यायची. काहींना ते चालत नाही, आणि टेबलावर घेतल्यावर विचारणं म्हणजे विचारणं नव्हे.

५-० जाडीच्या दोऱ्याचे टाके, ताण नाही. दोन आठवडे त्या भागात ब्रश नाही, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन दहा मिलि, दिवसातून दोनदा, टूथपेस्टनंतर अर्ध्या तासाने. टाके चौदाव्या दिवशी काढले. सहा महिने तिथे प्रोब घालायचा नाही. विद्यार्थ्यांना हे सर्वांत कठीण जातं.

सहा महिन्यांनी, मुळाच्या कलानुसार प्रोब धरून: चार मिलिमीटर, रक्त नाही. हिरडी एक मिलिमीटर उतरली. आरव्हीजीत खड्ड्याचा बराचसा भाग भरलेला. एचबीए१सी ७.१.

पाऊण तास

पहिल्या भेटीपासून अकराव्या महिन्यात इम्प्लांट बसवला, आणि टेबलावर पाऊण तास लागला.

सीबीसीटीत (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) नसेच्या कालव्यापर्यंत १४ मिलिमीटर, कड्याची रुंदी ७.४, जिभेकडे सौम्य खळगा. निवड ४.२ मिलिमीटर रुंद, १० लांब इम्प्लांटची. रुंदीतून ४.२ वजा केले की दोन्ही बाजूंना १.६ उरतात, दीडच्या खाली जायचं नसतं. उंचीत चार मिलिमीटर उरतात. कालव्यापासून दोन राखायचेच, पण ड्रिलवरची खूण टोक सोडून मोजलेली असते, आणि काही किटमध्ये ते टोक मिलिमीटरभर लांब असतं. ज्याने कंपनीचा तक्ता वाचलेला नाही, त्याला १० ची खूण दिसते आणि ड्रिल ११ वर असतो.

शस्त्रक्रियेआधी एक तास अमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम, ॲलर्जी नाही हे विचारून. छेद कड्याच्या मधोमध न घेता थोडा जिभेकडे, म्हणजे घट्ट हिरडीचे तीन मिलिमीटर गालाकडच्या फ्लॅपमध्ये येतात. ही पट्टी हातची घालवली तर पुढे टाळूवरून ग्राफ्ट आणावा लागतो.

पायलट ड्रिल २ मिलिमीटरचा, मिनिटाला ८०० फेरे, थंड सलाइन, वर-खाली हालचाल. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तरी इजा होते, म्हणून थांबून दाबत राहायचं नाही. आणि इथे पुन्हा ३७. हँडपीसचं डोकं कललेल्या दाढेच्या कडेला टेकलं, पुढे ढकललं गेलं, आणि ड्रिलचं टोक मागे वळलं. नजरेला ते बरोबरच वाटतं, कारण शेजारची दाढही तशीच कललेली दिसते. क्युरेट तिच्या कलाने चालवायचा. ड्रिल मात्र चालवायचा नाही, तो ३५ शी आणि चावण्याच्या पातळीशी जुळवायचा. पूर्ण खोलीला न जाता सहा मिलिमीटरवर थांबून पॅरलल पिन (भोकाची दिशा दाखवणारी सळई) टाकली आणि आरव्हीजी घेतला, म्हणून आठ अंशांची चूक तिथेच कळली. बाजूनेही कापणाऱ्या लिंडेमन ड्रिलने दिशा सरळ केली. दहा मिलिमीटरवर कळली असती तर भोक नको तितकं मोठं होऊन घट्टपणा गेला असता. मग पुढचे ड्रिल क्रमाने. घट्टपणा ३५ न्यूटन सेंटिमीटर. साखरेचा विचार करून कव्हर स्क्रू लावून हिरडी पूर्ण मिटवली.

कॅप आणि त्यानंतर

बारा आठवड्यांनी उघडून आयएसक्यू (इम्प्लांटच्या स्थिरतेचं माप) ७४, मग हीलिंग ॲबटमेंट, म्हणजे हिरडीतून वर येणारं तात्पुरतं झाकण. माप घेण्याआधी ३७ चा मेसियल पृष्ठभाग इनॅमलच्या आत राहून अर्धा मिलिमीटर सरळ केला, पॉलिश केला, फ्लोराइड वार्निश लावलं. हे केलं नाही तर कललेल्या दाढेखाली त्रिकोणी पोकळी उरते आणि रोजचं जेवण तिथे अडकतं.

लॅबमधून आलेली पहिली कॅप परत पाठवली. फट दिसू नये म्हणून लॅबने ती हिरडीवर फुगवून आणली होती, ०.८ चा इंटरडेंटल ब्रश एकाही बाजूने जाईना. इम्प्लांटमधून कॅप बाहेर पडण्याचा कोन ३० अंशांच्या आत हवा, हे लॅबच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची. दुसरी कॅप स्क्रूवाली घेतली, सिमेंटची नाही: हिरडीखाली राहिलेलं सिमेंट इम्प्लांटभोवतीचा आजार ओढवून आणतं, आणि या तोंडात तो धोका घ्यायचा नव्हता. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, वर टेफ्लॉन टेप आणि कॉम्पोझिट. चावा तपासायला आठ मायक्रॉनची शिमस्टॉक पट्टी: हलक्या चाव्यात ती सुटून आली पाहिजे, घट्ट चाव्यात अडकली पाहिजे. दात आपल्या लिगामेंटमध्ये थोडा दबतो, इम्प्लांट जवळजवळ दबत नाही, आणि सगळा भार त्याच्यावर येतो.

त्याच दिवशी मूळ आरव्हीजी आणि चार बाजूंची प्रोबची मापं: सगळी तीनच्या आत. हे न नोंदवलं तर पुढे हाड गेलं की मुळात तेवढंच होतं, हे कोणीच सांगू शकत नाही.

दर तीन महिन्यांनी बोलावणं. दोन भेटी छान गेल्या. नवव्या महिन्यात इम्प्लांटच्या मेसियल बाजूला चार मिलिमीटर आणि रक्त. आरव्हीजी मूळ चित्राशी ताडून हाड जिथल्या तिथे. म्हणजे म्युकोसायटिस, हिरडीपुरती सूज; हाड खाणारा पेरी-इम्प्लांटायटिस नव्हे. प्लाक ३४ टक्के. न रागावता विचारल्यावर कळलं, ऊसतोडणीच्या दिवसांत मशेरी परत सुरू झाली होती, सकाळची आणि दुपारची. टायटॅनियम क्युरेटने स्वच्छता, ब्रश पुन्हा हातात देऊन दाखवणं, नवी तारीख. सहा आठवड्यांनी तीन मिलिमीटर, रक्त नाही.

तोवर ही केस पहिल्या वर्षी घेतलेला विद्यार्थी शेवटच्या परीक्षेला बसत होता. कॉलेजातले असे रुग्ण उपचार संपल्यावर नव्हे, विद्यार्थी पास झाल्यावर हरवतात. म्हणून रुग्ण, फाइल आणि ज्युनिअर तिघं एकाच भेटीत समोरासमोर आणले, आणि केस शीटवर शेवटची नोंद अशी झाली: "३७ मेसियल, मुळाच्या कलानुसार प्रोब करा, नाहीतर आकडा कमी येईल. ३६ ची मूळ मापं मागच्या पानावर. मशेरीचं दर भेटीला विचारा, दिवस उलगडून. पुढची तारीख सुगीनंतरची दिली आहे, सुनेचा नंबर वर आहे."